रेंज गेली नव्हती

(पत्र सहा पानी आहे. ओळख पटेल असा मजकूर गाळून सारांश देते.)

पत्रलेखक 43 वर्षांचे, आयटीआय फिटर. भोसरीत सहा वर्षं, त्यानंतर चाकण एमआयडीसीतल्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून अकरा वर्षं. मार्चमध्ये कंपनीने एक अख्खी लाइन बंद करून चाळीस माणसं कमी केली, त्यात हेही. राहायला मोशीत, फ्लॅटचा हप्ता चालू, मुलगी अकरावी सायन्सला. मुलीने बायोडाटा टाइप करून नोकरीच्या साइटवर टाकला, तेव्हापासून फोन येतात. ते लिहितात:

"पहिल्या फोनवर नाव आणि एकूण अनुभव इथपर्यंत ठीक बोललो. मग त्या मॅडमनी विचारलं, 'व्हाय डिड यू लीव्ह युअर लास्ट जॉब?' मला काही सुचेना. 'हॅलो, हॅलो, रेंज नाही' म्हणालो आणि फोन कट केला. रेंज पूर्ण होती. दुसऱ्या कंपनीचा फोन आला, पगार विचारला. मी हातात येत होता तो सांगितला, थर्टी टू थाउजंड. ते म्हणाले, यापेक्षा जास्त नाही देऊ शकत. मी साधं 'टेल मी सॅलरी' म्हणालो तर त्यांचा आवाजच बदलला. आता अनोळखी नंबर आला की फोन पालथा ठेवतो. तीन महिन्यांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे, फी साडेनऊ हजार. आधी तो करून मगच अर्ज करू, की ठेकेदाराकडे मिळेल ते काम धरू? मुलगी शिकवते म्हणते, पण चुकलो की हसते. सोसायटीत कुणाला सांगितलेलं नाही. नाइट शिफ्ट चालू आहे असं सांगतो."

नमस्कार.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं ते अडचण कळावी म्हणून. दुसऱ्यांदा पेन घेऊन बसले आणि त्यातल्या इंग्रजी शब्दांखाली रेघा मारत गेले. इनकमिंग, फर्स्ट पीस अप्रूव्हल, सेग्रिगेशन, रिवर्क, कंट्रोल प्लॅन, पीपॅप, लाइन रिजेक्शन, कस्टमर कम्प्लेंट. तिसऱ्या पानावर रेघा मारणं सोडून दिलं. मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवलंय, त्यातली नऊ रात्रशाळेत, आणि 'सेग्रिगेशन' हा शब्द वाक्यात नीट बसवणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत. तुम्ही तो तीनदा वापरलाय, तिन्हीदा बरोबर.

तेव्हा 'मला इंग्रजी येत नाही' या वाक्याला रिजेक्टचा लाल टॅग लावायची घाई नको. सध्या पिवळा लावून होल्डवर ठेवू.

कामाचं इंग्रजी तुमच्या अंगात मुरलंय. बोलाचालीचं राहून गेलं, कारण त्याची कधी गरजच पडली नाही. शॉप फ्लोअरवर 'अरे, हा लॉट होल्ड कर' एवढ्यात भागतं. समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर आपण 'आँ?' म्हणतो आणि तो पुन्हा सांगतो. फोनवर 'आँ?' म्हणता येत नाही, त्याच्या जागी काय म्हणायचं ते माहीत नाही, आणि तेवढ्यावरून तुम्ही सतरा वर्षांचा अनुभव पालथा घालून ठेवलाय. पुण्यात इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणायची चाल विष्णुशास्त्री चिपळूणकरांपासूनची. शब्द जोरकस आहे, पण त्याचा एक तोटा झाला: दूध प्यायचं म्हटलं की माणूस आधी वाघिणीलाच घाबरतो. एचआरच्या फोनला लागतं ते इंग्रजी टपरीवरच्या कटिंगएवढं असतं.

आता तुमच्याच खात्यातलं एक हत्यार उचलते. टोयोटाकडून आलेलं 'फाइव्ह व्हाय', म्हणजे पाचदा 'का?' विचारत मूळ कारणापर्यंत जायचं, ते तुम्ही फॉर्मवर कितीदा भरलं असेल. फोन का कट केला? उत्तर सुचलं नाही म्हणून. का सुचलं नाही? प्रश्न इंग्रजीत होता म्हणून. बहुतेक जण इथे थांबतात आणि क्लासची फी भरून मोकळे होतात. पण त्याआधीचे दोन प्रश्नही इंग्रजीतच होते की, आणि त्यांची उत्तरं तुम्ही दिलीत. मग नेमका हाच का अडला? हा तिसरा व्हाय. चौथा असा: उद्या सोसायटीच्या गेटवर कुणी हेच मराठीत विचारलं, 'काय हो, ती कंपनी का सोडलीत?', तर काय सांगाल? तुमच्या पत्रातच लिहिलंय. नाइट शिफ्ट चालू आहे, असं सांगाल.

म्हणजे हे उत्तर तुमच्याकडे मराठीतही तयार नाही. मग इंग्रजीत कुठून येणार? क्लासमध्ये बारा काळ शिकवतील, आर्टिकल्स शिकवतील. घशात अडकलंय ते मात्र व्याकरणाच्या पुस्तकात नसतं. पाचवा व्हाय तुमचा तुम्ही विचारा.

थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. मराठीत 'कामावरून काढलं' म्हटलं की माल चोरणारा, दांड्या मारणारा आणि लाइन बंद पडल्यामुळे घरी बसलेला, तिघं एका रांगेत उभे राहतात. 'कमी केलं' असं आपण म्हणतो, कंत्राटी पोरांबाबत 'ब्रेक दिला' म्हणतो, पण ऐकणाऱ्याच्या कानात 'काढलं'च पडतं. इंग्रजीत इथे सरळ दोन शब्द आहेत. चूक केली म्हणून घालवलं तर 'फायर्ड', काम उरलं नाही म्हणून घालवलं तर 'लेड ऑफ'. तुम्हाला मात्र या दुसऱ्या शब्दात गोंधळ वाटेल, कारण कारखान्यात 'ले-ऑफ' म्हणजे काम नसल्याने काही दिवस अर्ध्या पगारावर बसणं. आपला कामगार कायदाही तो शब्द तात्पुरत्याच अर्थाने वापरतो, कायमचं कमी करण्याला तो 'रिट्रेंचमेंट' म्हणतो. एचआरच्या तोंडी 'लेड ऑफ' म्हणजे नोकरी गेलेली. हा घोळच नको असेल तर असं म्हणा:

"द कंपनी क्लोज्ड अवर लाइन इन मार्च. फॉर्टी ऑफ अस वेअर लेट गो."

दोन वाक्यं, विषय संपला. पहिल्या वाक्यात जे केलं ते कंपनीने केलं. दुसऱ्यात कुणी केलं हेच नाही, नुसतं झालं. हा 'पॅसिव्ह व्हॉइस' शाळेत आपल्याला छळतो, पण अडचणीच्या वेळी फार उपयोगी पडतो. 'फॉर्टी' जरा ठासून म्हणा. चाळीस ऐकल्यावर पुढचं समोरच्याला आपोआप समजतं. मग न थांबता पुढे चला: "आय वर्क्ड देअर फॉर इलेव्हन इयर्स." अकरा वर्षं एका ठिकाणी टिकलेला माणूस, हे त्यांच्या कानावर लगोलग पडलं पाहिजे.

मात्र हे आधी मराठीत, मोठ्यांदा, घरातल्या कुणासमोर तरी म्हणून बघा. 'कंपनीने आमची लाइन बंद केली, आम्हा चाळीस जणांना कमी केलं.' पहिल्यांदा आवाज कापेल, पाचव्यांदा कापणार नाही. मगच इंग्रजीकडे या.

आणि हे फक्त चाकणपुरतं नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची चार-पाच वर्षं घालवून आता नोकरी शोधणारी मुलंमुली मला लिहितात, मूल शाळेत जायला लागल्यावर पुन्हा नोकरी शोधणाऱ्या बायका लिहितात. सगळ्यांची गाडी 'मधल्या काळात काय केलं?' या एकाच प्रश्नाला अडते, आणि दोष मात्र प्रत्येक जण इंग्रजीला देतो. त्यांनाही तेच सांगते. "आय वॉज प्रिपेअरिंग फॉर द स्टेट सर्व्हिस एक्झाम. आय हॅव स्टॉप्ड नाउ." किंवा "आय टुक अ ब्रेक टू रेझ माय सन. आय ॲम रेडी टू वर्क अगेन." वाक्यं लहान आहेत. 'आय हॅव स्टॉप्ड नाउ' हे स्वतःशी कबूल करायलाच वर्ष जातं.

एका खड्ड्याबद्दल सांगायला हवं, कारण मराठी माणूस त्यात हमखास पडतो. आपण म्हणतो 'मी अकरा वर्षांपासून तिथे काम करतोय', त्याचं जसंच्या तसं 'आय ॲम वर्किंग देअर सिन्स इलेव्हन इयर्स' होतं. व्याकरण चुकतं ते सोडा, ऐकणाऱ्याला वाटतं तुम्ही अजून तिथेच आहात. लगेच पुढचा प्रश्न येतो, नोटिस पीरियड किती? आणि तुम्ही पुन्हा गोंधळता. तेव्हा 'वर्क्ड' आणि 'फॉर' पक्कं धरा. 'फॉर'नंतर किती वर्षं ते येतं, 'सिन्स'नंतर कधीपासून ते येतं, जसं 'सिन्स 2014'. बाकी 'आय ॲम हॅविंग एक्स्पीरियन्स' वगैरे चुका निम्मी पुणेरी ऑफिसं करतात आणि महिन्याच्या महिन्याला पगार उचलतात. त्यांच्या मागे लागू नका.

आता फोनवरच्या त्या मॅडमबद्दल. त्या आपली परीक्षा घेताहेत असं तुम्ही धरून चाललाय. त्यांच्या जागी बसून बघा. बऱ्याचदा या मुली कंपनीच्या नसतातच, कन्सल्टन्सीच्या असतात, बसलेल्या असतात दुसऱ्याच शहरात, मराठी येत नसतं. समोर नावांची यादी असते आणि प्रत्येक नावापुढे भरायचे रकाने: एकूण अनुभव, आत्ताचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटिस पीरियड, ठिकाण. दिवसभर तेच प्रश्न विचारून त्यांचा वेग वाढलेला असतो, तुमचं इंग्रजी कसं आहे हे बघायला त्यांना फुरसत नसते. रकाना भरला की त्या पुढे जातात. म्हणजे प्रश्नपत्रिका फुटलेली आहे. उत्तरं एका कागदावर लिहून तो फ्रिजवर चिकटवा. इतकी वर्षं कंट्रोल प्लॅन, म्हणजे काय आणि कसं तपासायचं तो कागद, समोर लावून तपासणी केलीत, तेव्हा कुणी म्हणालं का, पाठ का नाही केलं?

नोटिस पीरियडचा रकाना तर तुमच्या बाजूचा आहे. नोकरीत असलेल्यासाठी कंपनीला महिना, कधी तीन महिने थांबावं लागतं. तुम्ही म्हणू शकता, "आय कॅन जॉइन इमीजिएटली." हे खाली मान घालून म्हणायचं वाक्य नाही.

पगाराच्या रकान्यात मात्र तुमचं नुकसान झालंय आणि त्याचा इंग्रजीशी काही संबंध नाही. त्यांनी विचारला सीटीसी, तुम्ही सांगितलं इन हँड. सीटीसी म्हणजे कंपनीला तुम्ही वर्षाला कितीला पडता तो आकडा. त्यात तुमच्या पगारातून कापला जाणारा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स असतो, शिवाय कंपनी स्वतःच्या खिशातून भरते तो पीएफ आणि सहसा ग्रॅच्युइटीची तरतूदही. समजा तुमचं बेसिक 18,000 होतं. त्याच्या 12 टक्के म्हणजे 2,160 तुमचा पीएफ, 200 प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे कापण्याआधीचा पगार झाला 34,360. वर कंपनीचा पीएफ पुन्हा 2,160 आणि ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्क्यांनी साधारण 866. महिन्याचे झाले 37,386, वर्षाचे साडेचार लाखांच्या घरात. आणि तुम्ही सांगितलेल्या 32 हजारांचे वर्षाला होतात 3 लाख 84 हजार. त्यांनी त्यालाच सीटीसी धरलं आणि तुम्हाला वाटलं, आपल्या बोलण्यामुळे किंमत कमी झाली. तुमचे खरे आकडे जुन्या सॅलरी स्लिपवर आणि नेमणुकीच्या पत्रात सापडतील. ते काढा, बेरीज करा आणि पुढच्या वेळी दोन्ही सांगा: "माय लास्ट सीटीसी वॉज फोर पॉइंट फाइव्ह लॅक्स. इन हँड, थर्टी टू थाउजंड."

अपेक्षा विचारली की आपली माणसं 'ॲज पर कंपनी नॉर्म्स' म्हणतात. नम्र वाटतं, पण रकान्यात काही भरलं जात नाही आणि तो मग त्या भरतात. आकडा सांगा. "अराउंड फाइव्ह लॅक्स, बट आय ॲम ओपन टू डिस्कशन." या 'ओपन टू डिस्कशन'मध्ये आपलं 'बघू, बसून बोलू' सगळं येतं.

'टेल मी सॅलरी'ने त्यांचा आवाज का बदलला, तेही सांगते, कारण तुमच्या मनात उद्धटपणा नव्हता. मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटीला असतो. 'सांग', 'सांगा', 'सांगाल का', तीन पायऱ्या झाल्या. इंग्रजीत 'यू' एकच, क्रियापदही बदलत नाही, म्हणून तो सगळा आदर वाक्याच्या तोंडाशी येऊन बसतो. 'कुड यू', 'मे आय', 'वुड इट बी'. तुम्ही मनात 'सांगा' म्हणालात, त्यांना 'सांग' ऐकू गेलं. "मे आय नो द सॅलरी रेंज?" एवढं म्हटलं असतं तर तोच आवाज गोड राहिला असता. 'मे आय नो' हे दोन-चार ठिकाणी चालणारं पान्यासारखं हत्यार आहे. "मे आय नो विच कंपनी धिस इज फॉर?" "मे आय नो द लोकेशन?" चाकणच्या नावाखाली रांजणगावची जागा निघाली तर रोजचं जाणं-येणं तुम्हीच करणार आहात.

आणि ज्या वाक्यासाठी मी हे सगळं पत्र लिहायला तयार आहे ते हे: "आय ॲम ऑन द रोड. कॅन आय कॉल यू बॅक इन टेन मिनिट्स?" फोन उचलला, समोरून धाडधाड इंग्रजी आलं, छातीत धडधडलं, की हे म्हणायचं. दहा मिनिटांत पाणी प्यायचं, फ्रिजसमोर उभं राहायचं आणि आपण फोन लावायचा. ज्याने फोन लावला त्याची तयारी झालेली असते. आत्तापर्यंत ती नेहमी त्यांची असायची. मधेच काही कळलं नाही तर 'येस, येस' करत राहू नका, आपल्या 'हो हो' म्हणायच्या सवयीने नको त्या गोष्टीला होकार जातो. "सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट. कुड यू से इट अगेन?" दुसऱ्यांदाही नाही कळलं तर "कुड यू प्लीज सेंड इट ऑन वॉट्सॲप?" वाचायला तर तुम्हाला येतंच.

हिंदीत बोलू का, असं विचारलं तर चालेल का, हे तुम्ही कंसात, लाजत लाजत विचारलंय. चालेल. फक्त पहिल्या वाक्याला नको. तीन-चार उत्तरं इंग्रजीत देऊन झाल्यावर "कॅन वी कंटिन्यू इन हिंदी?" म्हटलं तर ती सोय वाटते. पहिल्याच दमात म्हटलं तर कधीकधी रकान्यात तसा शेरा पडतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, असं होतं एवढंच सांगते.

'टेल मी समथिंग अबाउट युअरसेल्फ'ला मुलीने तुम्हाला नाव, मूळ गाव, घरात कोण कोण आणि हॉबी असं लिहून दिलंय. तिचं चुकलं नाही, शाळेत तेच शिकवतात. तुमच्याकडे हॉबीपेक्षा मोठं काहीतरी आहे. "आय ॲम अ क्वालिटी इन्स्पेक्टर. आय हॅव सेव्हन्टीन इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स इन ऑटो पार्ट्स. आय डू इनकमिंग अँड फायनल इन्स्पेक्शन, अँड आय हॅव हँडल्ड कस्टमर कम्प्लेंट्स." बास. सुरुवातीला 'मायसेल्फ अमुक तमुक' नको, साधं 'आय ॲम' पुरतं.

टेक्निकल राउंडची भीती पत्रात दिसत नाही, आणि ते योग्यच आहे. तो घेणारा बहुतेक वेळा तुमच्यासारखाच कुणीतरी असतो, दहाव्या मिनिटाला मराठी-हिंदीवर येतो आणि समोर पार्ट ठेवून विचारतो, यात काय चुकलंय? तरीही 'एखादा अवघड प्रॉब्लेम कसा सोडवलात' असं इंग्रजीत विचारलंच तर नवं काही रचू नका. एट-डीचा, म्हणजे तक्रार सोडवायच्या आठ पायऱ्यांचा, फॉर्म डोळ्यांसमोर आणा आणि वरून खाली वाचत या. काय बिघडलं, लगेच काय थांबवलं, मूळ कारण काय निघालं, कायमचा उपाय काय केला. एमबीए केलेली मुलं उत्तराचा असा सांगाडा शिकायला पैसे मोजतात.

हे झालं लाइनवरच्या किंवा सुपरवायझरच्या जागेसाठी. तुम्हाला कस्टमर क्वालिटीला जायचं असेल, जिथे परदेशी गिऱ्हाइकाचे मेल आणि ऑडिट असतात, तर इंग्रजी खरंच वाढवावं लागेल आणि त्याला दोन वर्षं द्यावी लागतील. ती वाट बंद नाही. पण हप्ता चालू असताना आधी ती धरू नका.

त्यामुळे क्लासबद्दल: 'आधी इंग्रजी, मग नोकरी' हा क्रम मला मान्य नाही. तीन महिन्यांनी तुमच्याकडे सर्टिफिकेट असेल, शिवाय तीन महिन्यांची आणखी एक पोकळी, आणि तो अडलेला प्रश्न जिथल्या तिथे. जायचंच असेल तर फी भरण्याआधी एका बॅचमध्ये किती जण आणि तास किती मिनिटांचा, हे विचारा. तीस जण, साठ मिनिटं, त्यातली अर्धी सरांची, म्हणजे तुमच्या वाट्याला बोलायला रोज एक मिनिट येतं. साडेनऊ हजारांत ते महाग आहे. बॅच सहा-आठ जणांची असेल आणि फोनवर बोलायचा सराव करून घेत असतील तर अर्ज चालू ठेवून खुशाल जा. आणि नोकरी 'लावून देतो' म्हणून रजिस्ट्रेशनचे पैसे मागणारा कुणी भेटला तर फोन जरूर कट करा, तिथे रेंजचं कारण द्यायचीही गरज नाही.

मुलीला शिक्षिका करू नका. तिला एचआर करा. तिने आतल्या खोलीतून तुम्हाला फोन लावायचा, समोर बसून नाही, कारण समोरासमोर आपण निम्मं हातांनी आणि चेहऱ्याने बोलतो आणि फोनवर ते गळून पडतं. फोन संपेपर्यंत तिने चूक काढायची नाही. संपल्यावर एकच काढायची. रोज एक, महिन्याच्या तीस. हसली तर हसू द्या, फक्त बदल्यात तुम्ही तिला काहीतरी शिकवा म्हणजे हिशोब चुकता होतो. अकरावीच्या फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला मापं घ्यायचा व्हर्निअर असतोच. कॉलेजचा 0.1 मिलिमीटरपर्यंत मोजतो, तुमच्या बॅगेतला 0.02 पर्यंत. तो तिच्या हातात द्या आणि रीडिंग घ्यायला सांगा. पहिल्यांदा चुकेल. मग हसायची पाळी तुमची.

ठेकेदाराचं काम धरावं का? हप्ता किती महिने निघेल यावर ते अवलंबून आहे, आणि तो आकडा पत्रात नाही. तीन महिन्यांपेक्षा कमी असेल तर धरा, त्यात कमीपणा नाही. पीएफ जुन्याच यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या पीएफ नंबरवर, भरला जातोय ना एवढं पासबुकात बघत चला आणि शोध थांबवू नका, कारण बारा तासांची ड्यूटी करून घरी आल्यावर फोन पालथा ठेवणं आणखी सोपं होतं. पुढच्या प्रत्येक फोनवर मात्र हा प्रश्न न विसरता विचारा: "इज धिस ऑन कंपनी रोल, ऑर थ्रू अ कॉन्ट्रॅक्टर?" चाकणमध्ये हे न विचारता मुलाखतीला गेलेल्यांचे दिवस वाया गेलेले मी पाहिलेत.

आता सोसायटी. मोशीतल्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी चाकण, भोसरी, तळेगाव करतं. पार्किंगमध्ये सकाळी पावणेसहाला जे हेल्मेट घालून निघतात त्यातल्या कुणाच्या तरी प्लांटमध्ये आत्ता क्वालिटीला माणूस हवा असेल, आणि त्यांना वाटतंय तुमची नाइट चालू आहे. साइटवरच्या दहा अर्जांपेक्षा तिथलं एक वाक्य मला जास्त मोलाचं वाटतं. ते मराठीत म्हणायचंय, त्याला क्लास लागत नाही. 'आमची लाइन बंद झाली मार्चमध्ये. तुमच्याकडे क्वालिटीला काही असेल तर सांगा.' जुन्या सप्लायरना, गेज कॅलिब्रेशनला येणाऱ्या माणसाला, ट्रान्सपोर्टवाल्याला हेच वॉट्सॲपवर पाठवा. ही माणसं दहा कंपन्यांच्या गेटमधून आत जातात, कुठे भरती आहे ते त्यांना आधी कळतं. घरच्यांचा विचार घ्या, कुणाला आधी सांगायचं ते ठरवा आणि या रविवारी एका तरी माणसाला सांगा.

राहता राहिला तो पहिला फोन. तुम्ही तो नंबर 'एचआर मॅडम' म्हणून सेव्ह केलाय असं पत्रात लिहिलंय. डिलीट केला नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. मंगळवारी सकाळी अकरानंतर लावा, सोमवारी कुणीच धड बोलत नाही. कागद समोर ठेवा. पहिलं वाक्य असं: "गुड मॉर्निंग मॅडम. वी स्पोक लास्ट वीक अबाउट द क्वालिटी पोझिशन. द कॉल गॉट डिस्कनेक्टेड."

यात खोटं काही नाही. कॉल तुटला, एवढंच वाक्य म्हणतं. कुणी तोडला ते त्यात सांगावं लागत नाही.

जागा भरली असेल तर "प्लीज कीप माय नंबर" म्हणा आणि फोन ठेवताना टेबलावर सुलटा ठेवा.